दुसऱ्याच्या जागेवर २८ वर्षं : नव्या लीड गिटारिस्टसाठी स्टीव्ह मोर्स

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरात नाव असलेल्या, बरीच वर्षं वाजवणाऱ्या एका बँडमध्ये तू आधीच्या लीड गिटारिस्टच्या जागी आलास. हात तयार आहे, वेग आहे. पण श्रोते त्याचेच सोलो मागतात, बँडमधले जुने लोक ‘तो इथे असं वाजवायचा’ म्हणत राहतात. मग त्याच्यासारखं वाजवायचं की आपलं? आणि हे असंच चाललं तर इतक्या वर्षांचा रियाझ वाया जाईल का? शेवटी एका ओळीत तू लिहिलंयस की हल्ली उजवं मनगट दुखतं. त्या ओळीवर पुढे सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा ती जास्त तातडीची आहे.

लीड गिटारिस्टची आदर्श कारकीर्द म्हटली की रशचा ॲलेक्स लाइफसन, क्वीनचा ब्रायन मे, ड्रीम थिएटरचा जॉन पेट्रुची ही नावं पुढे येतात. मोठी माणसं आहेत, पण तुझ्या अडचणीत ती फारशी उपयोगी नाहीत. तिघेही आपापल्या बँडच्या संस्थापकांपैकी. तिथली गिटार कशी वाजणार हे पहिल्यापासून त्यांनीच ठरवलं, त्यांना कुणाशी ताडून बघायला आधी कुणी नव्हतंच. तू बघावंस ते स्टीव्ह मोर्सकडे. हा माणूस १९९४ मध्ये डीप पर्पल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडमध्ये आला आणि २०२२ पर्यंत राहिला. त्याच्या आधीचा रिची ब्लॅकमोर १९६८ ते १९७५ आणि पुन्हा १९८४ ते १९९३ असा दोन खेपांत होता. दोन्ही खेपांची बेरीज केली तरी मोर्सची वर्षं कितीतरी जास्त भरतात. तरी आजही डीप पर्पलचा गिटारिस्ट कोण, असं विचारलं तर बहुतेक लोक ब्लॅकमोरचंच नाव घेतील. हे मोर्सला पक्कं ठाऊक होतं आणि ते ठाऊक असून तो तिथे २८ वर्षं वाजवत राहिला.

तो तिथे आला तेव्हा चाळिशीचा होता. आधीची वीस वर्षं त्याने काय केलं, ते आधी बघू.

१९५४ मध्ये ओहायोतल्या हॅमिल्टनमध्ये जन्म, पुढे जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात वाढला. तिथल्या शाळेत बेस वाजवणारा अँडी वेस्ट भेटला. केस कापायला नकार दिला म्हणून शाळेने मोर्सला काढून टाकलं आणि तो मायामी विद्यापीठात संगीत शिकायला गेला. तिथे त्या काळात पुढे जॅझमध्ये नावाजलेला गिटारिस्ट पॅट मेथिनी होता, बेसवाला जॅको पास्टोरियस होता. आसपास अशी माणसं असल्यावर ‘मी आमच्या गल्लीत सगळ्यात वेगाने वाजवतो’ हा भ्रम फार टिकत नाही. मोर्स तिथे शास्त्रीय गिटारही शिकला. ते त्याच्या वादनात शेवटपर्यंत ऐकू येतं. एकाच गिटारवर दोन-तीन सुरावटी एकमेकींत विणून पुढे नेण्याची त्याची सवय तिथली आहे.

विद्यापीठातल्या एका वाद्यवृंदातूनच डिक्सी ड्रेग्ज हा त्याचा बँड उभा राहिला. गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड आणि व्हायोलिन. गायक नाही! रॉक, कंट्री, जॅझ आणि बारोक वळणाचं संगीत एकाच तुकड्यात. १९७७ चा ‘फ्री फॉल’ हा अल्बम, १९७८ चा ‘व्हॉट इफ’, १९७९ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग ड्रेग्ज’. शेवटच्याला ग्रॅमीचं नामांकनही होतं. यातलं एखादं गाणं लाव आणि गिटारकडे दुर्लक्ष करून व्हायोलिन आणि बेस ऐक. त्या दोघांच्या सुरावटीही बहुतांशी मोर्सनेच लिहिलेल्या आहेत. गायक नसलेल्या बँडमध्ये फक्त सोलो वाजवणारा गिटारिस्ट फार लवकर उघडा पडतो. सोलो सोडून उरलेली मिनिटं भरायची कुणी? मोर्सने ती भरली. त्याची ख्याती वेगाची असली, तरी पोटापाण्याला आलं ते हे दुसरं कौशल्य, दुसऱ्याच्या वाद्यासाठी लिहिण्याचं. माझ्या मते डीप पर्पलने त्याला घेतलं तेव्हा त्यांना जे खरं हवं होतं ते हेच होतं.

‘गिटार प्लेअर’ मासिकाच्या वाचकांनी १९८२ ते १९८६ अशी सलग पाच वर्षं त्याला सर्वांगीण सर्वोत्तम गिटारिस्ट म्हणून निवडलं. त्यानंतर त्याला मानाच्या यादीत बसवून स्पर्धेतून बाहेर काढलं, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळावी म्हणून. आता त्याच काळाकडे बँडच्या बाजूने बघ. ड्रेग्ज १९८३ च्या सुमारास बंद पडला होता. समीक्षक खूश, गिटारवाले वेडे, आणि रेकॉर्ड मात्र पुरेशा खपत नव्हत्या. देशातला सर्वोत्तम गिटारिस्ट म्हणून निवडला जाणारा माणूस त्या वेळी नवा बँड जमवत होता. मासिकातली मतं आणि महिन्याचं भाडं यांचा संबंध तिकडेही इकडच्याइतकाच असतो.

मग कॅन्सस हा अमेरिकन रॉक बँड. १९८६ चा ‘पॉवर’ आणि १९८८ चा ‘इन द स्पिरिट ऑफ थिंग्ज’ हे दोन अल्बम त्याने त्यांच्याबरोबर केले. दुसऱ्याच्या जुन्या बँडमध्ये शिरायचा हा त्याचा पहिला सराव. पण मला त्या काळातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मोर्सने काही काळ गिटार बाजूला ठेवून व्यावसायिक वैमानिकाची नोकरी केली. सहवैमानिक म्हणून, गणवेश घालून, वेळापत्रकाप्रमाणे. संगीताच्या धंद्याला तो कंटाळला होता. परत आला तो स्वतःच्या मर्जीने. विमानं त्याने पुढेही सोडली नाहीत आणि फ्लोरिडात गवताची शेतीही करत राहिला.

हे मुद्दाम सांगतोय. ज्याचं पोट एकाच बँडवर आहे त्याला त्या बँडमधलं प्रत्येक भांडण जीवघेणं वाटतं. आवाज कमी करायला सांगितला की अपमान, सोलो कापला की कट. मोर्सला डीप पर्पलची गरज होती, पण ते गेलं असतं तर तो बुडाला नसता. आपल्याकडे लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवणारे, शाळेत शिकवणारे, स्टुडिओत जाऊन गणपतीची गाणी रेकॉर्ड करणारे गिटारिस्ट मी बघितलेत. बँडमध्ये सगळ्यात शांत तेच असतात. तुला नोकरी असेल किंवा शिकवण्या असतील तर त्या बँडसाठी सोडू नकोस.

आता १९९३. डीप पर्पलचा ‘द बॅटल रेजेस ऑन’ आला होता आणि गायक इयन गिलनला परत घेतल्यावरून ब्लॅकमोर धुसफुसत होता. नोव्हेंबरमध्ये, युरोपचा दौरा चालू असतानाच, तो बँड सोडून गेला. पुढे जपानचे कार्यक्रम ठरलेले होते. जो सॅट्रियानी हा नावाजलेला गिटारिस्ट मदतीला आला, त्याने जपान आणि नंतर १९९४ च्या उन्हाळ्यातला युरोपचा दौरा निभावून नेला. सॅट्रियानीचं स्वतःचं काम जोरात होतं, तो कायमचा राहणार नव्हता. मग मोर्सला विचारलं गेलं आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोत तो पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला.

पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे १९९५ मध्ये, हा बँड मुंबईत आला होता. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने मिळतं. मिळवून बघच. मोर्सला येऊन जेमतेम पाच महिने झालेले, नवा अल्बम अजून आलेला नाही आणि समोर असे श्रोते की ज्यांनी वर्षानुवर्षं कॅसेट झिजेपर्यंत ब्लॅकमोर ऐकलाय. तुझी परिस्थिती याहून बिकट नाही. त्या रात्रीच्या यादीत जुनी मातब्बर गाणी तर होतीच, पण तेव्हा कुणी न ऐकलेली, पुढच्या अल्बममधली गाणीही होती. आणि ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ होतं. हे १९७२ चं गाणं ब्लॅकमोरला आवडत नव्हतं. त्यामुळे ते ‘मशीन हेड’ या अल्बममधून वगळलं गेलं, एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं आणि त्याच्या काळात मैफलीत जवळपास ऐकूच येत नसे. तो गेल्यावर ते उघडलं आणि मोर्सच्या काळात कायमचं यादीत बसलं.

यातून एक पक्की युक्ती घे. आधीच्या गिटारिस्टने कुठल्या गाण्यांना नाही म्हटलं होतं, हे गायकाला विचार. प्रत्येक जुन्या बँडमध्ये अशी दोन-चार गाणी दाबून ठेवलेली असतात. ती वर काढलीस तर गायक खूश होतो आणि तुला अशी जागा मिळते जिथे तुलना करायला कुणी नाही.

उरलं नेहमीच्या गाण्यांचं. इथे आपल्या नाट्यसंगीताचा दाखला चपखल आहे. बालगंधर्वांनी गाजवलेलं पद नंतरचा गायक गातो तेव्हा मूळ चाल आणि काही ठरलेल्या जागा सोडून चालत नाही, थिएटरातली म्हातारी मंडळी त्या जागांची वाट बघत बसलेली असतात. पण ताना त्याच्या त्याने घ्यायच्या असतात. बालगंधर्वांच्या तानाही जशाच्या तशा घेतल्या तर लोक त्याला नकलाकार म्हणतात.

‘हायवे स्टार’चा सोलो घे. ब्लॅकमोर एरवी बरंच काही ऐन वेळी सुचेल तसं वाजवायचा, पण हा सोलो त्याने आधी बसवून, ठरवून रेकॉर्ड केला. दोन गिटार एकमेकींवर चढवलेल्या, त्यातली स्वरसंगती बाखच्या वळणाची. त्यामुळे तो सोलो आता गाण्याचाच भाग आहे. लोक तो गुणगुणतात. मोर्सने त्यातल्या ओळखीच्या ओळी, विशेषतः ती धावत उतरणारी सुरावट, ठेवली आणि आसपासची मोकळी मैदानं स्वतःची केली. उलट ‘लेझी’सारख्या ब्लूजच्या अंगाच्या गाण्यात ठरलेलं फारसं नसतंच, तिथे त्याने पुष्कळ मोकळीक घेतली.

आता तू तुझ्या बँडमध्ये हे कसं करशील? आधीच्या गिटारिस्टची एकाच गाण्याची चार-पाच वेगवेगळी लाइव्ह रेकॉर्डिंग मिळव. अल्बमवरचं एक घेऊन भागणार नाही. ती पाठोपाठ ऐक. जे तो प्रत्येक वेळी तसंच वाजवतो ते गाण्याचं आहे, ते तुला वाजवावं लागेल, आणि नेटकं वाजवावं लागेल. जे दर वेळी बदलतं ते त्याचं त्या रात्रीचं होतं, तिथे तू मोकळा आहेस. बहुतेक सोलोंमध्ये पहिली ओळ, शेवटची ओळ आणि मधली एखादी चढण एवढंच ‘गाण्याचं’ निघतं. बँडमधले जुने लोक ‘तो असं वाजवायचा’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा पूर्ण सोलो अपेक्षित नसतो. ड्रमरला आत यायची खूण हवी असते. ती खूण तुझ्या सोलोत सापडली की तक्रारी थांबतात, हा माझा अनुभव आहे.

‘स्मोक ऑन द वॉटर’बद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या यादीत ते असणारच. गिटारच्या दुकानात येणारा प्रत्येक दुसरा मुलगा ते वाजवतो आणि जवळपास प्रत्येक जण चुकीचं वाजवतो. त्याचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, षड्ज-मध्यमाच्या अंतराने असलेल्या दोन स्वरांचा आहे आणि ब्लॅकमोर दोन्ही तारा पिकशिवाय (तार छेडायच्या पत्तीशिवाय), बोटांनी, एकदम उचलतो. पिकने ओढलं की दोन्ही स्वर पाठोपाठ येतात आणि धार जाते. या रिफमध्ये बदल करायला वावच नाही, मोर्सनेही केला नाही. त्याने वेगळी वाट काढली. बरीच वर्षं तो या गाण्याच्या आधी एकटा उभा राहून इतर बँडांचे गाजलेले रिफ एकापाठोपाठ एक वाजवायचा, झेपलिन, हेंड्रिक्स असे, लोक ओळखून ओरडायचे, आणि मग त्या मालिकेतला पुढचा म्हणून हा यायचा. रिफ ब्लॅकमोरचा, पण त्याच्याकडे नेणारा रस्ता मोर्सचा. मला ही फार हुशार खेळी वाटते. त्यातला विनयही बघण्यासारखा आहे: या सगळ्या थोर रिफांत हाही एक आहे, आणि यांतला एकही माझा नाही, असं तो हसत हसत कबूल करत होता.

बँडच्या आतलं काम मात्र याहून मोठं होतं. बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार ॲम्पमधून वाजवायचा. त्याचा आवाज गुरगुरणारा, गिटारच्याच पट्ट्यात पसरलेला. अशा माणसाशेजारी उभं राहून तू सतत जाड कॉर्ड वाजवलेस तर दोघांचाही चिखल होतो. मोर्सने तिथे कमी स्वरांचे, तुटक रिफ लिहिले, ऑर्गनबरोबर एकाच सुरावटीत धावायचं आणि मग बाजूला व्हायचं, हे तंत्र वापरलं. ड्रेग्जमध्ये व्हायोलिनबरोबर त्याने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. १९९६ च्या ‘पर्पेंडिक्युलर’मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं. त्यातलं ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ ऐक. सात मिनिटांहून मोठं गाणं, आणि गिटारची जी सुरावट लोकांच्या लक्षात राहते ती नवशिक्यालाही वाजवता येईल इतकी सोपी आहे. एका सेकंदात कितीतरी स्वर कोंबू शकणारा माणूस इथे एकेक स्वर ताणून, धरून ठेवतो. २८ वर्षांतलं त्याचं सगळ्यात टिकाऊ काम मी यालाच म्हणेन. याच्याशी असहमत असणारे, ‘वेल ड्रेस्ड गिटार’सारखे वेगवान एकल तुकडे पुढे करणारे लोक मला रोज भेटतात. त्यांचं चालू द्या.

त्या अल्बमची सगळी गाणी पाचही जणांच्या नावावर आहेत. कुणी रिफ आणला, कुणी शब्द लिहिले, याचा हिशेब न मांडता. ही पद्धत त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या अल्बमांतही होती. नव्या माणसाला पहिल्याच अल्बममध्ये बरोबरीचा वाटा मिळाला, तेव्हा तो पाहुणा राहिला नाही. तुमचा बँड स्वतःची गाणी करत असेल तर हे पहिल्या गाण्याच्या आधी बोलून घ्या. रेकॉर्डिंग झाल्यावर बोलायला गेलं की मैत्री तुटते.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट याच काळातली आहे. कल्पना चावला डीप पर्पलच्या चाहत्या होत्या, बँडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. कोलंबिया यानातून जाताना त्यांनी सोबत नेलेल्या सीडींमध्ये ‘मशीन हेड’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ होत्या. म्हणजे एक ब्लॅकमोरचा अल्बम आणि एक मोर्सचा. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान कोसळलं. मोर्सने त्यानंतर ‘कॉन्टॅक्ट लॉस्ट’ हा दीड मिनिटाचा वाद्यतुकडा केला आणि त्याच वर्षी आलेल्या ‘बनानाज’ या अल्बमच्या शेवटी तो आहे. त्यात एकही वेगवान ओळ नाही. स्वतः वैमानिक असलेल्या माणसाने तो लिहिलाय हे ऐकताना विसरता येत नाही.

साधनांबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी थोडं. सुरुवातीला मोर्स टेलिकास्टरची बॉडी आणि स्ट्रॅटोकास्टरची नेक जोडून केलेली, पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी पट्ट्यांची) गर्दी असलेली एक गिटार वाजवायचा. १९८७ पासून म्युझिक मॅन कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली, तिच्यावर चार पिकअप आहेत. त्याच्या आवाजाचं गुपित मात्र ॲम्पच्या मांडणीत आहे. एक ॲम्प पूर्ण कोरडा. दुसऱ्यावर फक्त डिले, म्हणजे स्वराचा प्रतिध्वनी, आणि तो किती यायचा हे पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलवर. वेगाने वाजवताना पेडल मागे, म्हणजे स्वर स्पष्ट. लांब स्वर आला की पेडल हळूच पुढे, म्हणजे स्वर हवेत राहतो. आपल्याकडच्या गिगमध्ये दोन ॲम्प कुठले मिळायला, एक धड मिळाला तरी पेढे वाटावेत. पण कल्पना घेता येते: डिले कायम चालू ठेवू नकोस, पायाने आत-बाहेर करायला शिक. तू पाठवलेल्या क्लिपमध्ये जे गढूळ ऐकू येतंय त्यातलं अर्धं डिलेमुळे आहे, हातामुळे नाही.

आता मनगट.

मोर्सचं पिकिंग म्हणजे कडक आलटून-पालटून: खाली-वर, खाली-वर, एकही अपवाद नाही. एकेका तारेवर एकच स्वर असलेले अर्पेजिओसुद्धा (कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजवणं) तो असेच वाजवायचा, जिथे बहुतेक लोक पिक एका दिशेने सरकवून मोकळे होतात. त्यामुळे प्रत्येक स्वराला सारखं वजन येतं, आणि तीच त्याची ओळख बनली. पेट्रुचीसारख्या नंतरच्या पिढीने ते त्याच्याकडूनच उचललं. याची किंमत मनगट मोजतं. पुढे मोर्सच्या उजव्या मनगटात संधिवात झाला, सांध्यातली झीज. दौरे चालू असताना तो पट्टा बांधून वाजवत होता, आणि साठीच्या आसपास त्याने पिकिंगची पद्धत बदलायला घेतली. ज्या हालचालीवर आयुष्यभराचं नाव उभं, तीच मोडून नवी बसवायची. जगातल्या सर्वोत्तम उजव्या हातांपैकी एक असलेल्या माणसाने रोज नवशिक्यासारखं बसून हे केलं.

तू विशीत आहेस, तुझं दुखणं संधिवाताचं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते स्नायूबंधांवरच्या ताणाचं असतं. पण ते मी ठरवायचं नाही आणि तूही नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाताच्या विकारांचे वेगळे तज्ज्ञही असतात, ते मिळाले तर उत्तम. जाताना गिटार घेऊन जा आणि त्यांच्यासमोर वाजवून दाखव. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात सुन्न होत असेल किंवा पिक हातातून सुटत असेल तर पुढच्या गिगची वाट बघू नकोस. तोपर्यंत दुखत असताना वाजवायचं नाही. ‘दुखलं तरी रेटायचं, मग हात बसतो’ हा सल्ला आपल्याकडे तबल्यापासून गिटारपर्यंत सर्रास दिला जातो, आणि त्याने चांगले चांगले हात गेलेले मी पाहिलेत.

वाजवण्यातल्या काही गोष्टी तुझ्या क्लिपवरून सांगू शकतो. पिक तू फार आवळून धरतोस, अंगठ्याचं नख पांढरं पडतंय. अवघड ओळीच्या आधी तुझा खांदा वर उचलला जातो, म्हणजे ताण तिथून सुरू होऊन मनगटात उतरतोय. गिटार मांडीपर्यंत लोंबकळतेय, पट्टा वर घे. दिसायला कमी रुबाबदार दिसेल, दिसू दे. तारा एक नंबर हलक्या लावून बघ. आणि प्रत्येक स्वर पिकने वाजवायचा अट्टाहास काही ओळींत सोड. हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने, म्हणजे पिक न लावता बोट तारेवर आपटून किंवा ओढून काढून, डाव्या हाताला थोडं काम दे. मोर्सइतकी शिस्त हवीच असेल तर मोर्ससारखी शरीराची देखभालही हवी. तो कार्यक्रमाआधी बराच वेळ हात गरम करत बसायचा. तू साउंडचेक आणि गिग यांच्यामध्ये वडापाव खाऊन थेट सगळ्यात वेगवान गाण्यावर उडी मारतोस, हे तूच लिहिलंयस.

राहिला तयारी वाया जाण्याचा प्रश्न. मोर्सने डीप पर्पलमध्ये असताना आपला स्वतःचा तीन जणांचा बँड चालूच ठेवला. २०१२ पासून फ्लाइंग कलर्स होता, २०१८ मध्ये ड्रेग्जच्या मूळ मंडळींसोबत दौराही झाला. जे डीप पर्पलमध्ये मावत नव्हतं ते तो तिकडे वाजवायचा, त्यामुळे डीप पर्पलच्या गाण्यात ते घुसडायची गरज पडत नव्हती. महिन्यातून एकदा का होईना, दोन मित्रांबरोबर तुझं स्वतःचं काहीतरी वाजवत राहा, पैसे मिळोत न मिळोत. तुझ्या सोलोतली अर्धी घाई तिथेच निघून जाईल.

मान्यता मिळेल का, हेही तुझ्या प्रश्नात दडलेलं आहे. २०१६ मध्ये डीप पर्पलला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. निवडलेल्या सदस्यांच्या यादीत ब्लॅकमोर होता, मोर्स नव्हता. ब्लॅकमोर समारंभाला आला नाही. त्या रात्री बँडबरोबर गिटार वाजवली ती मोर्सने. तेव्हा त्याला तिथे दोन दशकांहून जास्त काळ झाला होता. मला स्वतःला हा निवड समितीचा कद्रूपणा वाटतो. तुझ्या बाबतीतही असं काही होईल, पोस्टरवर जुना फोटो छापला जाईल, निवेदक जुनं नाव घेईल. वाईट वाटेल. त्याच संध्याकाळी पहिल्या गाण्याचा पहिला कॉर्ड वेळेवर पडला पाहिजे, एवढं बघ.

२०२२ मध्ये पत्नीच्या कर्करोगामुळे त्याने आधी रजा घेतली आणि जुलैत बँड सोडल्याचं जाहीर झालं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. त्याच्या जागी आलेला सायमन मॅकब्राइड आता ब्लॅकमोरबरोबरच मोर्सच्याही काळातली गाणी वाजवतो, आणि लोक त्याची तुलना दोघांशीही करतात.

तर आधी डॉक्टर. त्यानंतर तुमच्या यादीतली तीन गाणी निवड, आधीच्या गिटारिस्टची जितकी लाइव्ह रेकॉर्डिंग मिळतील तितकी ऐकून ठरलेल्या आणि मोकळ्या जागा कागदावर लिहून काढ, आणि तो कागद ड्रमरला दाखव. गायकाला आत्ताच दाखवू नकोस, गायकांना प्रत्येक जागा आपलीच वाटते. रिहर्सलचं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलंस तरी चालेल, फक्त मोबाइल तुझ्या ॲम्पसमोर ठेवू नकोस, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. ते पाठव, मग सोलोंबद्दल पुढे बोलू.